डावीकडे कोण?

कॅन्सस सिटीत दर मार्चमध्ये एकच वाद नव्याने पेटतो. डावीकडे कोण?

संघ चीफ्स. खेळ अमेरिकन फुटबॉल. कोल्हापूरच्या पेठा ज्यावरून भांडतात तो नव्हे, हेल्मेट घालून खेळतात तो. जागा लेफ्ट टॅकलची. तिथे कोणाला उभं करावं यावर २०२१ पासून चाहत्यांचं एकमत झालेलं नाही. व्यवस्थापनाचंही नाही. या काळात तिथे किमान आठ जण उभे राहून पाहिले.

जागेचं महत्त्व समजायला वेळ लागत नाही. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला, की चेंडू मागे नेताना त्याची पाठ डावीकडे होते. त्या बाजूने कोण येतंय ते त्याला दिसत नाही. मधे उभा असतो एकच माणूस, लेफ्ट टॅकल. कबड्डीत डावा कोपरा सैल पडला की चढाईपटूला लगेच वास लागतो, तसंच हे. इथे चढाईला येणारा मात्र सव्वाशे किलोच्या आसपासचा असतो आणि तो गडी मारायला नाही, हाडं मोडायला येतो.

१८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइसमनचा पाय मोडला. सगळ्या अमेरिकेने तो टीव्हीवर पाहिला. थाइसमन पुन्हा कधीच खेळला नाही. वॉशिंग्टनचा नेहमीचा लेफ्ट टॅकल जो जेकोबी त्या रात्री जायबंदी होऊन बाहेर बसला होता. मायकल लुईसने २००६ मध्ये या जागेवर पुस्तक लिहिलं, २००९ मध्ये त्यावरून सिनेमा आला. तेव्हापासून ही जागा मोठी आहे हे कोणाला पटवावं लागत नाही.

ती भरायला वर्षं लागतात, हे मात्र अजून पटवावं लागतंय.

आता वाद ऐका. सामन्याच्या सकाळी ॲरोहेड स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात, ब्रिस्केटचा धूर होतो आणि त्या धुरात चार पक्ष पडतात. एक म्हणतो, थैली सोडा, मोठं नाव आणा. दुसरा म्हणतो, ड्राफ्टच्या, म्हणजे विद्यापीठातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत पोरगा उचला. तिसरा म्हणतो, शेजारच्या गार्डला सरकवा. चौथा म्हणतो, आहे त्यालाच राहू द्या.

चौथ्याचं कोणी ऐकत नाही. मी चौथ्याच्या बाजूचा आहे.

सुरुवात एरिक फिशरपासून. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक चीफ्सचा होता. अँडी रीड नुकतेच प्रशिक्षक म्हणून आलेले. विद्यापीठांतली सगळी पोरं समोर उभी होती आणि चीफ्सने सेंट्रल मिशिगनचा टॅकल घेतला. चाहत्यांना तारा हवा होता. मिळाला चेंडूला हातही न लावणारा माणूस.

पहिल्या वर्षी त्याला उजवीकडे खेळवलं, दुसऱ्या वर्षी डावीकडे आणलं. शिव्या दोन्हीकडे बसल्या.

त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १०९ व्या क्रमांकावर, ग्रीन बेने डेव्हिड बाख्तियारी घेतला. तो पुढे लीगमधल्या सर्वोत्तम लेफ्ट टॅकल्समध्ये गणला गेला. मग काय विचारता? 'पहिला क्रमांक वाया घालवला' हे कॅन्सस सिटीत सगळ्यांना पाठ झालं. पण आधीच्या फेऱ्यांत बाख्तियारीला सोडून दुसरेच खेळाडू घेणाऱ्यांत खुद्द ग्रीन बेही होतं. त्यांना तरी कुठे माहीत होतं?

१५ जानेवारी २०१७. प्लेऑफ, समोर पिट्सबर्ग. चीफ्सने टचडाउन करून अंतर १८-१६ वर आणलं. बरोबरीसाठी दोन गुण हवे होते. पास पकडला गेला, स्टेडियम उसळलं आणि गवतावर पंचांचा पिवळा रुमाल पडलेला दिसला. फिशरने जेम्स हॅरिसनला धरलं होतं. दहा यार्ड मागे जाऊन पुन्हा प्रयत्न. फसला. हंगाम तिथेच संपला.

पिट्सबर्गने त्या दिवशी एकही टचडाउन केलं नव्हतं, सहा फील्ड गोलांवर सामना काढला. साठ मिनिटांत चीफ्सचं बाकी काय काय चुकलं, ते कोणाला आठवतं? फिशरचा हात मात्र सगळ्यांना आठवतो.

फिशर तरीही राहिला. २०१८ मध्ये प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल जिंकला. त्याच वर्षी सुरू झालेल्या हंगामात पुन्हा प्रो बोल. पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक आणि त्याची पाठ राखायला शिव्या खाऊन निबर झालेला टॅकल. याला तयार व्हायला किती हंगाम लागले? सहा.

२४ जानेवारी २०२१ ला बफेलोविरुद्ध त्याच्या टाचेचा अकिलिस तुटला.

दोन आठवड्यांनी टॅम्पात सुपर बोल. राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने आधीच बाहेर. गार्ड लोरां डुव्हर्ने-टार्डिफ हा डॉक्टर. कोविडमुळे हंगाम सोडून तो क्वेबेकमध्ये रुग्णसेवेला गेला होता. मग माइक रेमर्स उजवीकडून डावीकडे आला, अँड्र्यू वायली गार्डवरून उजव्या टोकाला गेला. एक माणूस पडला की आख्खी लाइन हलते.

महोम्सवर त्या रात्री २९ वेळा दबाव आला. सुपर बोलच्या इतिहासात कुठल्याही क्वार्टरबॅकवर आला नव्हता इतका. चेंडू फेकण्याआधी किंवा पाडला जाण्याआधी तो एकूण ४९७ यार्ड पळाला. चौथ्या सत्रात तर तो हवेत आडवा, जमिनीला समांतर झाला आणि तशा स्थितीत फेकलेला चेंडू एंड झोनमध्ये डॅरेल विल्यम्सच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला. असा पास जगात दुसरा कोण फेकणार होता? निकाल ३१-९.

चीफ्सचं एकही टचडाउन नाही.

वर्षानुवर्षं ज्याला हाकला म्हणून ओरडत होते, त्याच्याविना खेळलेला हा सामना. आणि मार्च उजाडताच त्याला खरोखरच हाकललं. श्वार्ट्झलाही, त्याच दिवशी.

मग पहिल्या पक्षाचं राज्य आलं. ट्रेंट विल्यम्सला आणायचा प्रयत्न झाला. तो सहा वर्षांसाठी १३ कोटी ८० लाख डॉलरवर सॅन फ्रान्सिस्कोतच राहिला. गार्ड जो थूनी आला, पाच वर्षांसाठी ८ कोटी. एप्रिलमध्ये बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउनला आणलं आणि त्याच्यापायी पहिल्या फेरीचा क्रमांक दिला, वर आणखी बरंच काही. ब्राउनचा हट्ट एकच, खेळेन तर डावीकडे. दिवंगत वडिलांची ती इच्छा होती; तेही याच लीगमध्ये टॅकल होते.

दोन वर्षं चाहते त्याच्या पायांवरून बोलत राहिले. पाय जड आहेत, बाहेरून हरतो. १२ फेब्रुवारी २०२३ ला सुपर बोल, समोर फिलाडेल्फियाचे ईगल्स. त्या हंगामात ७० सॅक घेतलेला संघ. महोम्सला त्या सामन्यात त्यांनी किती वेळा पाडलं? एकदाही नाही. चीफ्स ३८-३५ ने जिंकले.

महिन्याभरात ब्राउन सिनसिनाटीला गेला. चार वर्षं, ६ कोटी ४० लाख.

त्याच आठवड्यात चीफ्सने जवॉन टेलरला चार वर्षांसाठी ८ कोटी दिले. तो डावीकडे खेळेल असं सगळे धरून चालले होते. खेळला उजवीकडे, आणि २०२३ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक वेळा पिवळा रुमाल त्याच्यावर पडला. डावीकडे एका वर्षापुरता डोनोव्हन स्मिथ आणला. हा कोण? टॅम्पाच्या त्या ३१-९ मध्ये विजेत्यांचा लेफ्ट टॅकल.

त्याला घेऊन चीफ्सने पुन्हा सुपर बोल जिंकला. मग त्यालाही जाऊ दिलं.

रोगाचं मूळ इथे आहे. दोन वर्षांत दोन वेगळे लेफ्ट टॅकल, दोन्ही वेळा विजेतेपद. चाहत्यांनी निष्कर्ष काढला, महोम्स आहे तोवर तिथे कोणीही चालतो. व्यवस्थापनानेही तोच काढला. जिंकणाऱ्याचा हिशेब कोण तपासतो?

२०२४ मध्ये दुसऱ्या पक्षाची पाळी. ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतला किंग्सली सुआमाटाइया, वय २१, पहिल्या सामन्यापासून डावीकडे. दुसऱ्याच सामन्यात समोर सिनसिनाटीचा ट्रे हेंड्रिक्सन आला, लीगमधला कसलेला पास रशर. पोराचं पार भरीत झालं आणि सामना संपण्याआधीच त्याला बाकावर बसवलं.

दोन सामने!

एवढ्यात निकाल लागला. पार्किंगमध्येही आणि कार्यालयातही. 'याच्यात लेफ्ट टॅकल नाही.' एकवीस वर्षांच्या मुलात अजून काय काय नाही, हे दोन रविवारांत कळतं?

मग वान्या मॉरिस. मग नोव्हेंबरात बाहेरून आणलेला डी. जे. हम्फ्रीज, डावीकडे सुरुवात केली त्याच सामन्यात त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. डिसेंबरमध्ये तिसऱ्या पक्षाची सरशी झाली. गार्ड थूनीला टोकाला सरकवलं. थूनी हुशार खेळाडू, पाय अचूक, डोकं शांत. काही आठवडे निभलं. चाहते म्हणाले, पाहा, उत्तर घरातच होतं.

घरातच होतं. पण मग गार्डच्या जागेचं काय? तिथे आला माइक कॅलिएंडो, ज्याला ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत कोणीच निवडलं नव्हतं.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स. समोर पुन्हा ईगल्स. त्यांनी सबंध सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे महोम्सवर एकही जादा माणूस सोडला नाही. गरजच पडली नाही. मध्यंतराला २४-०. महोम्स सहा वेळा पाडला गेला. एका सामन्यात इतक्या वेळा तो कधीच पडला नव्हता. शेवट ४०-२२.

एक भोक बुजवताना दुसरं पाडलं, आणि ईगल्स दोन्हींतून आत आले.

आता त्या रात्री पलीकडच्या बाजूला डावीकडे कोण होतं ते पाहा. जॉर्डन मायलाटा. सिडनीचा. सामोअन आईबापांचा मुलगा, रग्बी लीग खेळणारा. उंची सहा फूट आठ इंच, वजन १६५ किलोच्या घरात. २०१८ मध्ये ईगल्सने त्याला शेवटच्या, सातव्या फेरीत घेतलं. क्रमांक २३३. तोवर अमेरिकन फुटबॉलचे किती सामने खेळला होता?

शून्य.

फ्लोरिडात परदेशी खेळाडूंसाठीची काही महिन्यांची शिकवणी, एवढीच त्याची पुंजी. २०१८ चा हंगाम गेला, तो मैदानात उतरला नाही. २०१९ गेला, तेव्हाही नाही. दोन्ही वर्षं पाठीने दगा दिला. त्याच २०१९ मध्ये ईगल्सने पहिल्या फेरीत आंद्रे डिलार्डला घेतलं, डावीकडच्या जागेचा वारस म्हणूनच. फिलाडेल्फियाचे चाहते म्हणजे देशातले सर्वात तिखट. त्यातल्या किती जणांनी तेव्हा रग्बीवाल्या पोरावर पैज लावली असती?

२०२१ मध्ये दोघांची समोरासमोर स्पर्धा लावली. जागा सातव्या फेरीवाल्याने जिंकली.

का, याचं उत्तर जेफ स्टाउटलँड. ईगल्सच्या लाइनचे प्रशिक्षक. २०१३ मध्ये आले आणि तब्बल एक तप टिकले. मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत चिप केली येऊन गेले, डग पीडरसन येऊन गेले, निक सिरियानी आले. पावलं शिकवणारा माणूस तोच राहिला. लेफ्ट टॅकल कोण असावा यावर तासन्‌तास भांडणाऱ्यांनी त्याला शिकवणाऱ्याचं नाव कधी घेतलंय?

त्याच रात्री ईगल्सचा राइट गार्ड होता मेखाय बेक्टन. २०२० मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला ११ व्या क्रमांकावर घेतलं होतं, लेफ्ट टॅकल म्हणून. गुडघा गेला, वजनावरून बोलणी खाल्ली, करार संपला तसा जेट्सने हात झटकले. फिलाडेल्फियात तो गार्ड झाला आणि पहिल्याच वर्षी विजेतेपदाची अंगठी घेऊन गेला.

२०२० चाच ड्राफ्ट घ्या. पहिल्या तेरांत चार टॅकल गेले. अँड्र्यू थॉमस चौथा, जेड्रिक विल्स दहावा, बेक्टन अकरावा, ट्रिस्टन वर्फ्स तेरावा. चौघांत सर्वात शेवटी गेलेला वर्फ्स सर्वात भारी निघाला. टॅम्पात आधी उजवीकडे रुजला, तीन वर्षांनी डावीकडे आला. आणि थॉमस? पहिल्या वर्षी न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी त्याला फुकट गेलेला खेळाडू ठरवलं. २०२३ मध्ये जायंट्सने त्याच थॉमसशी पाच वर्षांचा ११ कोटी ७५ लाखांचा करार केला.

पहिल्या वर्षीच्या त्या शिव्या आता कोणाच्या तोंडच्या नसतात. विचारून पाहा.

जरा जवळून बघू, हे काम आहे तरी काय. चेंडू हलला की लेफ्ट टॅकल मागे सरकतो. डावा पाय मागे टाकायचा, उजवा ओढून घ्यायचा, कंबर खाली, छाती समोरच्याकडे, हात अजून आवरलेले. हात लवकर बाहेर काढले तर समोरचा ते झटकतो. उशिरा काढले तर तो छातीत घुसतो. फार बाहेर सरकलं तर आतली वाट उघडी, कमी सरकलं तर बाहेरची. हे अडीच-तीन सेकंदांत, सामन्यात तीस-चाळीस वेळा, आणि मागे क्वार्टरबॅक नेमका कुठे उभा आहे ते न बघता. एकदा हुकलं की रात्रीच्या बातम्यांत तेवढं एकच दिसतं.

त्यात महोम्सची सवय. दबाव नसतानाही तो मागे मागे सरकतो. टॅकलने बाहेरच्या बाजूने वळवून लावलेला माणूस मग आपोआप त्याच्यापर्यंत पोचतो. सॅकचं खापर कोणावर? टॅकलवर. महोम्सला 'जागेवर उभा राहा' म्हणायची कॅन्सस सिटीत कोणाची छाती आहे?

आणि ती फीत! दर वर्षी फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसमध्ये पोरांचे हात मोजतात, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. ३३ इंचांच्या आत भरला की शेरा पडतो, हा टॅकल नाही, गार्ड. २०२५ मध्ये एलएसयूच्या विल कॅम्पबेलचा हात ३२ पूर्णांक पाच अष्टमांश इंच भरला. काही आठवड्यांनी विद्यापीठातल्या चाचणीत तोच हात ३३ भरला. या तीन अष्टमांशावर देशभर काथ्याकूट झाला. न्यू इंग्लंडने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि डावीकडेच उभं केलं.

हात वाढला नव्हता. मोजणारा बदलला होता.

थैली सोडा म्हणणाऱ्यांसाठी एक ताजं उदाहरण. जुलै २०२५, लॉस एंजेलिस चार्जर्स, चीफ्सच्याच गटातला संघ. लेफ्ट टॅकल रशॉन स्लेटरला चार वर्षांचे ११ कोटी ४० लाख डॉलर. वर्षाला २ कोटी ८५ लाख. लाइनमधल्या कोणालाच तोवर इतके मिळाले नव्हते. त्या वर्षी एका संघाला सर्व खेळाडूंवर मिळून खर्चायची मर्यादा होती २७ कोटी ९२ लाख. म्हणजे ५३ जणांतल्या एकावर दहावा हिस्सा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सरावात, त्याच्या गुडघ्याचा पटेलर टेंडन फाटला. हंगाम सुरू होण्याआधीच संपला.

स्लेटरची यात काय चूक? काहीच नाही. पण नुसत्या पैशाने ही जागा सुरक्षित होते असं ज्यांना वाटतं, त्यांची चूक आहे.

आणि डावीकडे प्रत्यक्ष देव उभा केला तरी? क्लीव्हलँडचा जो थॉमस २००७ पासून सलग १०,३६३ चाली खेळला, मधे एकही न चुकवता. हॉल ऑफ फेममध्ये गेला. प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

लाइन पाच जणांची असते. एकट्याने काय होतं?

आता चाहत्यांशी थेट बोलायचं तर आवाजाचं बोलू. २९ सप्टेंबर २०१४ ला ॲरोहेडमध्ये १४२.२ डेसिबल आवाज नोंदला गेला. मैदानातल्या गोंगाटाचा तो विश्वविक्रम. पाहुण्या संघाच्या लेफ्ट टॅकलला आपल्या क्वार्टरबॅकची हाक ऐकू जाऊ नये म्हणूनच हे लोक ओरडतात. हाक ऐकू येत नाही, म्हणून तो चेंडूकडे डोळा ठेवतो, अर्धा क्षण उशिरा हलतो किंवा घाईने आधीच हलतो. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पुढच्या रविवारी आपला टॅकल परक्यांच्या गोंगाटात अर्धा क्षण आधी हलला, की हेच लोक त्याला नालायक म्हणतात.

ठाऊक असून म्हणतात, याचा राग येतो.

२०२५ च्या मार्चमध्ये थूनीला शिकागोला दिलं, बदल्यात २०२६ च्या चौथ्या फेरीचा क्रमांक. सॅन फ्रान्सिस्कोत ट्रेंट विल्यम्सच्या मागे चार वर्षं राखीव राहिलेल्या जेलन मूरला दोन वर्षांसाठी ३ कोटी दिले. एप्रिलमध्ये ईगल्सशीच सौदा करून ड्राफ्टमध्ये एक जागा मागे सरकले आणि ३२ व्या क्रमांकावर ओहायो स्टेटचा जोश सिमन्स घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्याही गुडघ्याचा पटेलर टेंडन फाटला होता. पाय सुंदर, गुडघा शिवलेला.

५ सप्टेंबर २०२५ ला साओ पाउलोत हंगामाचा पहिला सामना झाला आणि सिमन्स डावीकडे उभा होता. सामना चार्जर्सने २७-२१ ने घेतला, पण डावीकडे बऱ्याच वर्षांनी पाय हलताना दिसले. आणि शेजारी लेफ्ट गार्ड कोण? सुआमाटाइया. दोन सामन्यांत मोडीत काढलेला तोच पोरगा. गार्डवर तो रुजला.

'याच्यात काही नाही' म्हणणारे त्याबद्दल आता गप्प आहेत.

ऑक्टोबरमध्ये सिमन्स खासगी कारणासाठी काही सामने बाहेर राहिला. कारण काय, याची चौकशी करायचा अधिकार तिकीट काढल्याने मिळत नाही. नोव्हेंबरात तो परतला. थँक्सगिव्हिंगला डॅलसमध्ये त्याचं मनगट गेलं. १४ डिसेंबरला महोम्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. चीफ्स ६-११ वर थांबले. २०१४ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफ हुकलं.

आणि पार्किंगमध्ये शेगड्या पुन्हा पेटल्या. सिमन्सला उजवीकडे न्या. डावीकडे मोठं नाव आणा. नाहीतर पहिल्या फेरीत आणखी एक पोरगा उचला. चारातले तीन पक्ष पुन्हा कामाला लागले.

कशासाठी? सिमन्स जेवढे सामने खेळला, त्यात दिसलं ते पुरेसं आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती. त्यातलं एकच वर्ष गेलंय. फिशर पहिल्यांदा प्रो बोलला गेला तो सहाव्या हंगामात. मायलाटाने पहिली चाल खेळली ती तिसऱ्या हंगामात. सिमन्सने तर पहिल्याच दिवशी जागा घेतली होती.

जनरल मॅनेजर ब्रेट वीचना जाब विचारायचाच असेल तर राखीव टॅकलचा विचारा. डाव्या टोकाला दुखापत झाली की दर वेळी गार्ड का उचलावा लागतो, ते विचारा. लाइनच्या शिकवणीवर काय खर्च होतो, ते विचारा. नावं सुचवू नका.

सिमन्सचं मनगट भरून येऊ द्या. त्याला उजवीकडे हलवू नका, सुआमाटाइयाला त्याच्या शेजारून काढू नका. दोघांना एकत्र तीन हंगाम खेळू द्या. मधे दोन-चार सामने त्यांच्या चुकांनी जातील. जाऊ द्या.